रिक्षाने दहा मिनिटांवरचं परगाव

आमचे घरमालक दर शनिवारी संध्याकाळी परगावी जात. परगाव सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर होतं.

जाण्याची तयारी मात्र दुपारपासून चाले. ते खाली राहत, मी वरच्या मजल्यावर भाड्याने. चहाची वेळ झाली की खालून कपाटाचं दार करकरत उघडल्याचा आवाज येई. मग टॉर्च लागतोय की नाही हे ते भर उन्हात भिंतीवर मारून बघत. खाकी कापडी बॅगेत काय काय जाई ते मला पाठ झालं होतं: शाल, टॉर्च, थर्मासात बिनसाखरेचा चहा, फुंकून फुगवायची उशी, एक जादा सदरा, आणि रेल्वेत सामान बाकाला बांधून ठेवतात तसली साखळी नि कुलूप.

"साखळी कशाला, काका?" मी एकदा विचारलं.

"बाई, परगावी सामानाचा भरवसा नसतो."

निघताना ते जिन्याखाली उभे राहून वर हाक मारत. "बाई, येतो. मोडं होतंय." उशिराला आम्ही बडोद्याचे मराठी लोक मोडं म्हणतो. हा गुजराती शब्द कधीतरी घरात पाहुणा आला आणि मग गेलाच नाही. काकांना मोडं व्हायची भीती कायम असे, आणि पोचायच्या ठिकाणी ते कायम सगळ्यांच्या आधी असत.

नोकरीभर ते रेल्वेच्या चौकशी खिडकीत बसले होते. कुठली गाडी कुठे जाते, कुठे बदलायची, किती थांबते, हे सगळं त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं आणि स्वतः कुठेही गेले नाहीत. काकू होत्या तेव्हा दोघांना फिरायला जायचं होतं, पण काकूंना डोंगर हवा आणि काकांना समुद्र, असं करत एकमत होईपर्यंत काकू गेल्या. त्यानंतर काकांनी एकट्याने प्रवास करायचं ठरवलं. आणि विचार करता त्यांच्या असं लक्षात आलं की गाडीत बसायची काही गरज नाही.

"गाडीत बसलं की माणूस खरंच परगावी पोचतो," ते म्हणत. "मग तिथे ते गाव असतं, दुसरं काही नसतं."

कोपऱ्यावरचा रिक्षावाला त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होता. तरी शनिवारी काका बॅग घेऊन आले की तो अगदी अनोळखी चेहरा करून विचारी, "काका, आजे क्यांथी आव्या?"

"इंदूरहून."

"ओहो! बहु दूर."

"भाई, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे?"

मग तो न हसता सांगे की अलकापुरीच्या मागे एक गल्ली आहे, तिथे संध्याकाळी गाणं-बजावणं चालतं. काका म्हणत, "असं? मग तिथेच सोडा." पुढच्या शनिवारी ते नागपूरहून आलेले असत. एकदा चुकून लागोपाठ दोनदा ग्वाल्हेरहून आले तेव्हा रिक्षावाल्याने आठवण करून दिली, "काका, गया वखते पण ग्वालियर हतुं." त्यावर काका म्हणाले, "आवडलं म्हणून परत आलो."

त्या गल्लीत तेव्हा कॅफे निघत होते. शनिवारी प्रत्येकात कोणी ना कोणी गिटार घेऊन बसे. आपल्या राज्यात दारूबंदी, त्यामुळे इथली संगीताची धुंदी कोल्ड कॉफी आणि चीज सँडविचवर चालते, आणि साडेदहाला सगळे आपापल्या घरी असतात. काकांना हे पसंत होतं. चांगलं गाणं आणि चांगलं पचन यांत त्यांना विरोध दिसत नसे.

बॅगेची साखळी ते कॅफेतल्या खुर्चीच्या पायाला बांधत. एका शनिवारी किल्ली घरी राहिली. मॅनेजरने आधी कुलूप हलवून बघितलं, मग बॅग, मग काकांना. शेवटी खुर्ची आणि बॅग एकत्र रिक्षात घालून काका परतले. मी वरून बघत होते. रिक्षातून आधी खुर्चीचे चार पाय बाहेर आले, मग काकांचे दोन. वर बघून ते म्हणाले, "बाई, प्रवासात सामान वाढतंच." पुढच्या शनिवारी खुर्ची परत गेली, आणि तेव्हापासून त्या कॅफेत ती काकांची खुर्ची म्हणून ओळखली जाऊ लागली.

येताना ते माझ्यासाठी खाऊ आणत. तो नेहमी लीलो चेवडो असे, आपला तो ओलसर, गोडसर बटाट्याचा चिवडा. पुडा आमच्याच गल्लीच्या टोकावरच्या दुकानातला. तो पुढे करून काका म्हणत, "बडोद्याचा प्रसिद्ध आहे म्हणतात. खाऊन बघा." मी बडोद्यात जन्मलेली, बडोद्यात वाढलेली. "बघते," मी म्हणे.

आता त्या परवानगीविषयी सांगायला हवं.

काकांचे पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते. काका सांगत त्याप्रमाणे, दरबारात गाणं असलं की सरकार मान हलवून परवानगी देत आणि मगच गवई सूर लावी. पण गवई बसे दूर, आणि मान हलली की नाही हे त्याला दिसत नसे. म्हणून मधे एक शिपाई उभा करत. त्याने सरकारांकडे बघायचं, मान हलली की गवयाकडे वळायचं, आणि हात वर करून मोठ्याने म्हणायचं, "होऊ द्या." तो शिपाई म्हणजे पणजोबा. मी ही हकीकत पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते शिपाई होते. पुढच्या वर्षी जमादार झाले. गेल्या दिवाळीला सुभेदार होते. काका आणखी थोडे राहिले असते तर पणजोबा सेनापती होऊनच निवृत्त झाले असते.

काकांचं म्हणणं असं की हे काम वंशपरंपरेने त्यांच्याकडे आलं आहे. श्रोत्यांतल्या ज्येष्ठ माणसाने "होऊ द्या" म्हटल्याशिवाय सुरू झालेलं गाणं त्यांच्या लेखी गाणंच नव्हतं, तो आवाज होता.

"मग मोठ्या मैफलींना का जात नाही?" मी विचारलं होतं.

"तिथे पुढच्या रांगेत परवानगी देणारे पाच-पाच बसलेले असतात. इथली पोरं बिचारी पोरकी. यांना होऊ द्या म्हणायला कोण आहे?"

तेव्हा ही पोरकी पोरं गिटारच्या तारा जुळवून गायला तोंड उघडणार, तेवढ्यात काका उठून उभे राहत, उजवा हात वर करत आणि चौकशी खिडकीत कमावलेल्या आवाजात म्हणत, "होऊ द्या!" पहिल्या दिवशी गिटार वाजवणाऱ्याच्या हातून गिटारच निसटली. मॅनेजर धावत आला आणि काकांना खाली बसवायला लागला.

"अंकल, बेसी जाओ ने. शुं थयुं?"

"तुमच्याकडे परवानगी कोण देतं?" काकांनी विचारलं.

मॅनेजर घाबरला. त्याने गल्ल्यामागच्या भिंतीवरची काचेची चौकट काढून आणली. काकांनी चष्मा लावून ती पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचली आणि परत दिली.

"यात गाण्याबद्दल काही नाही," ते म्हणाले. "हे आगीबद्दल आहे."

आणि पुन्हा हात वर केला.

हे असंच हसण्यावारी गेलं असतं. पण एका शनिवारी तिथे एक मुलगी पहिल्यांदाच गायला आली. ती दिवसा औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासण्याचं काम करी. माईकसमोर उभी राहिली. लोक आपापल्या बोलण्यात होते. कोणी सँडविचचे फोटो काढत होतं. तिने एकदा सुरुवात केली, थांबली. पुन्हा केली, पुन्हा थांबली. तेव्हा काका उठले. लोकांना वाटलं, कोणी पोलीस वगैरे आहे. बोलणी थांबली. त्या शांततेत काकांनी तिच्याकडे बघून, नेहमीपेक्षा हळू, म्हटलं, "होऊ द्या." आणि ती गायली. गाणं चांगलं होतं की नाही ते मला सांगता येणार नाही, पण पूर्ण झालं. त्यानंतर ती मुलगी काकांकडे हात जोडून बघितल्याशिवाय सुरू करीना. तिचं बघून तिचे वादकही. मॅनेजरने नाद सोडला. शनिवारी नेहमी येणारे लोक काका उभे राहिले की आपसूक गप्प होऊ लागले. शेवटी शेवटी तर काका एका कॅफेतून दुसऱ्यात जात तेव्हा दुसऱ्यातले वादक गल्लीत डोकावून बघत, काका निघाले का म्हणून.

दाद देण्यातही त्यांचं वेगळं होतं. गाणं संपल्यावर ते टाळ्या वाजवत नसत. माईक तपासताना वादक "चेक, चेक" करत, त्याला ते भरभरून दाद देत. "वाहवा! काय लावलाय!" त्यांच्या मते जुळवाजुळव चालते तेव्हाच माणूस कळतो, पुढचं सगळं पाठ केलेलं असतं.

यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलं, कारण मीही जायला लागले होते. माझी आई गेली त्या वर्षी मी कॉलेजच्या ग्रंथालयातून घरी येई आणि दिवा न लावता बसून राही. एक दिवस काका वर आले. दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, तुम्ही जरा परगावी जाऊन या."

"तुमच्याबरोबर?"

"छे! एकट्याने. मीही एकटाच जातो. सोबत असली की माणूस सोबतीकडे बघतो, गाव राहून जातं. तुम्ही माझ्यामागून दुसऱ्या रिक्षाने या. आणि तिथे ओळख दाखवायची नाही."

मी गेले. वेगळ्या टेबलावर बसले. जरा वेळाने काका आपल्या खुर्चीवरून उठून माझ्याकडे आले आणि नमस्कार करून म्हणाले, "आपण कुठल्या?"

"सुभानपुऱ्याची," मी म्हटलं. मला खोटं पटकन सुचत नाही.

"अरे वा. नाव ऐकून आहे. कसं आहे गाव?"

"बरं आहे. घरमालक जरा विचित्र आहेत."

"ते सगळीकडेच असतात," काका म्हणाले आणि आपल्या जागी गेले. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा. हसू आवरेना म्हणून मेन्यू तोंडासमोर धरला.

माझ्या आवाजाविषयी सांगायचं राहिलं. मी ग्रंथालयात काम करते. हळू बोलण्याचाच मला पगार मिळतो. पण खरं म्हणजे त्याच्या आधीपासूनच माझा आवाज घशाच्या पुढे येत नाही. दुकानात माझा नंबर आला तरी मागचा माणूस आधी घेऊन जातो. वेटरला पाणी मागायचं तर तो आपणहून बघेपर्यंत मी वाट बघते. काकांनी हे पहिल्याच संध्याकाळी हेरलं आणि मग ते मागेच लागले.

"बाई, एकदा तुम्ही परवानगी द्या."

"मी?"

"मग कोण? मला काय कायमचं हे करायचंय? मुलगा बंगळुरूला. त्याला गाणं म्हणजे कानात बोळे घालून ऐकायची गोष्ट. हे काम कोणाकडे द्यायचं?"

"माझे पणजोबा हिशेबनीस होते, काका. फौजेत नव्हते."

"हिशेबनिसालाही घसा असतो."

मी टाळत राहिले. तेव्हा काकांनी डाव टाकला. एका शनिवारी ते गळ्याला मफलर गुंडाळून आले. ती मुलगी माईकसमोर आली, हात जोडले, काकांकडे बघितलं. काकांनी गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली आणि तेच बोट माझ्याकडे वळवलं. सगळा कॅफे माझ्याकडे बघायला लागला. मी उठले. हात वर केला. तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी तशीच उभी, हात वर, तोंड उघडं. तेवढ्यात वेटर लगबगीने आला आणि माझ्यासमोर कोल्ड कॉफी ठेवून गेला.

काका ताडकन उठले आणि गच्चीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "होऊ द्या!" मफलर गळ्यावरून सुटून खाली पडला.

परत आल्यावर जिन्याखाली त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं, रागावणार. "हात चांगला होता," ते म्हणाले. "पणजोबांचा असाच असणार. फक्त आवाज राहिला. आवाज काय, येईल. अजून वेळ आहे."

वेळ नव्हता, हे पुढे कळलं. दिवाळी झाली आणि एका शनिवारी दुपारी जेवून आडवे झालेले काका उठले नाहीत. चहाची वेळ झाली तरी कपाट करकरलं नाही, म्हणून मी खाली गेले.

मुलगा रात्रीच आला. भला माणूस आहे. सगळं नीट केलं. आवराआवर करताना त्याला कपाटाशी बॅग सापडली, भरलेली. त्या दिवशी काकांनी ती जेवणाआधीच भरून ठेवली असावी, मोडं होऊ नये म्हणून. त्याने ती उघडून बघितली आणि माझ्याकडे वळला.

"ताई, बाबा कुठे जाणार होते?"

"अलकापुरीला," मी म्हटलं.

"किती दिवसांसाठी?"

"साडेदहापर्यंत."

तो उशी हातात धरून खाली बसला. मग मी त्याला सगळं सांगितलं. खुर्चीचा भाग आला तेव्हा तो हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं. जाताना बॅग माझ्याकडे देऊन म्हणाला, "तुम्हीच ठेवा. मला कुठे माहीत होतं बाबा एवढे फिरलेत."

पुढचे शनिवार मी घरीच काढले. वाचत बसे, पण पान उलटत नसे. चार वाजले की कान खालच्या कपाटाकडे जात. त्या मुलीचं काय झालं असेल, हा विचार डोक्यातून जाईना. ती हात जोडून कोणाकडे बघत असेल? मी ज्या दिवशी तोंड उघडून उभी राहिले होते तो दिवस पुन्हा पुन्हा आठवे, आणि वाटे, आता तर वाचवायला काकाही नाहीत. म्हणून जायचं नाही. आणि म्हणूनच जायला हवं. असं बरेच दिवस चाललं. मग एका शनिवारी मी थर्मासात बिनसाखरेचा चहा भरला.

कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने माझ्या हातातली बॅग बघितली. मग हळूच म्हणाला, "बेन, आजे क्यांथी आव्यां?"

"अहो, मी इथेच राहते, तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि रिक्षा सुरू केली. मला वाईट वाटलं, पण दुसरं गाव सुचलंच नाही.

कॅफेत काकांची खुर्ची त्यांच्याच टेबलाशी होती, रिकामी. मी शेजारच्या टेबलावर बसले, बॅग त्या खुर्चीवर ठेवली आणि साखळीने तिच्या पायाला बांधली. किल्ली पर्समध्ये आहे ना, दोनदा बघितलं. मॅनेजर लांबून बघत होता. आला नाही.

वादक आले. "चेक, चेक" झालं. मी तोंडातल्या तोंडात वाहवा म्हटलं. मग ती मुलगी माईकसमोर उभी राहिली, हात जोडले आणि सवयीने त्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर बॅग. तिने बॅग ओळखली. तिचे जोडलेले हात तसेच राहिले. नंतर मॅनेजरने मला सांगितलं की इतके शनिवार ती थोडा वेळ अशीच उभी राही आणि मग कशीबशी सुरू करी. पण त्या दिवशी ती सुरू करीना. बॅगेवरून तिची नजर माझ्याकडे आली. लोक गप्प झाले.

मी उठले. हात वर केला. वेटर निघालेला मला दिसला. त्याच्या हातात ट्रे होता, ट्रेवर कोल्ड कॉफी होती, आणि तो येतोय हे दिसल्यावर मला काय झालं कोण जाणे, ती टेबलावर टेकायच्या आत बोलायला हवं एवढंच वाटलं.

"होऊ द्या!"

तो आवाज माझा होता असं मला आजही वाटत नाही. ग्रंथालयात असता तर मी स्वतःला बाहेर काढलं असतं. मुलगी दचकली, वेटर जागीच थांबला, आणि सगळ्यांत आधी सुरू झाला तो शेजारच्या कॅफेतला ढोलकवाला, भिंतीपलीकडून. त्यालाही तो काकांचाच आवाज वाटला असणार. मग इकडची गिटार लागली, मग ती गायला लागली, आणि दोन्ही कॅफेतलं गाणं एकमेकांत मिसळून असा काही गोंधळ झाला की काकांनी उभं राहून दाद दिली असती. वेटरने कॉफी ठेवलीच. मी ती प्यायले.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर आले तर तोच रिक्षावाला उभा होता. काकांना न्यायला थांबत असे तिथेच. मी बॅग मांडीवर घेऊन बसले. जाताना त्याला दिलेलं उत्तर मनात टोचत होतं. अलकापुरी मागे पडल्यावर मी पुढे वाकून, त्याला नीट ऐकू जाईल असं, विचारलं, "भाई, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे?"

त्याने आरशात बघितलं.

"एक काका हता," तो म्हणाला. "पण बेन, तमे जरा मोडां पड्यां."

सुभानपुऱ्याचं वळण आलं तेव्हा त्याने रिक्षा हळू केली आणि गल्लीच्या टोकावरच्या उघड्या दुकानाकडे हात केला.

"बाकी," तो म्हणाला, "अहीं लीलो चेवडो सारो मळे छे."